उसनी तिफण

रोहिणी नक्षत्र निम्मं सरलं की खानदेशातल्या काळ्या वावरांत धूळ उडायला लागते. ही वावटळीची धूळ नव्हे. तिफणीची. आभाळात ढग नाही, जमिनीत ओल नाही, आणि माणूस बी पेरतोय. ज्वारी पेरतोय, बाजरी पेरतोय. आठ-दहा दिवसांत मिरगाचा पाऊस येईल या भरवशावर. याला आमच्याकडे धूळपेरणी म्हणतात. जळगाव-धुळ्याकडच्या शेंबड्या पोरालाही हा शब्द माहीत आहे.

दर जूनमध्ये पेपरात याचा फोटो येतो. कोरडं रान, एक बैलजोडी, डोक्याला फडकं बांधलेला माणूस. खाली लिहिलेलं असतं, बळीराजाचा पावसाशी जुगार. हा फोटो बघितला की मला तीनच प्रश्न पडतात. ही तिफण कुणाची? हे बैल कुणाचे? आणि बी वाया गेलं तर दुसऱ्यांदा पेरायला दाणे कुणाच्या घरात आहेत? फोटोत ते दिसत नाही. शेतकरी म्हटलं की सगळे एकाच चेहऱ्याचे होतात. ज्याची चाळीस एकर विहिरीखाली आहे तोही शेतकरी, आणि ज्याने गायरानाचा खडक फोडून चार एकर काढले तोही शेतकरी. मित्रांनो, या दोघांची धूळपेरणी एक नाही. एवढंच मला सांगायचं आहे, पण ते नीट सांगायचं आहे.

आधी धूळपेरणीची बाजू मांडतो. कारण तो अडाणीपणा नाही.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते. एकदा जोराचा पाऊस झाला की तिच्यात औत घालता येत नाही. फण मातीने भरतात, बैलांचे पाय रुततात. मग वाफसा येईपर्यंत थांबायचं. वाफसा म्हणजे माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने दाबला तर फुटावा, अशी अवस्था. ती यायला काही दिवस जातात. त्यात पुन्हा पाऊस आला की पुन्हा थांबा. असं करता करता आर्द्रा नक्षत्र निघून जातं. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी पडते, पोंगा वाळतो, नुसती हिरवी ताटं उभी राहतात. म्हणून बी पावसाआधीच मातीत गेलेलं असलं तर पहिला पाऊस फुकट जात नाही. पीक आठ-पंधरा दिवस पुढे राहतं. हे आमच्या बापजाद्यांना माहीत होतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली इक्रिसॅट ही संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी खोल काळ्या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलं आणि तेच सांगितलं. कोरड्यात पेरा, जरा खोल पेरा, म्हणजे हलक्या सरीने बी फसणार नाही. पण त्यांनी एक अट घातली. पावसाची सुरुवात भरवशाची पाहिजे.

आमच्याकडे गाडं या अटीवरच अडतं. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पाठीमागे, पावसाच्या सावलीत. मिरग लागतो ७-८ जूनला, पाऊस येतो त्याला वाटेल तेव्हा.

पाऊस आलाच नाही तर कोरड्या मातीत बी तसं सुखरूप असतं. मुंग्या नेतात, उंदीर नेतात, चिमण्या-कबुतरं टिपतात, पण उरलेलं जिवंत राहतं. पाऊस भरपूर आला तर प्रश्नच नाही. घात करतो तो मधला पाऊस. एक हलकी सर येते, वरची चार बोटं ओली होतात, दाणा फुगतो, कोंब काढतो, आणि मग वीस दिवस आभाळ कोरडं. कोंब जागच्या जागी करपतो. बाजरीचं तर आणखी नाजूक. दाणा बारीक, कोंब बारीक. सरीनंतर ऊन पडलं की मातीवर खपली धरते, ती खपली त्या कोंबाला फोडता येत नाही. माझा बा म्हणायचा, "पुरा पाऊस उना ते चांगलं, नही उना तरी चांगलं. अर्धा पाऊस वैरी."

आता आमची गोष्ट.

माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. आमचं गाव पारोळा आणि अमळनेरच्या मधलं. बा सालदार होता. खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं. अक्षय्य तृतीयेला गावभर मुली झोके घेतात, घराघरात पुरणपोळी असते, आणि त्याच दिवशी वर्षभराचा माणूस ठरतो. इतके पैसे, इतक्या पायल्या ज्वारी, एक धोतरजोडी. त्या दिवसापासून पुढच्या आखाजीपर्यंत बाचे हात मालकाचे.

आणि तरीही आम्हाला जमीन होती. होती म्हणजे आम्ही करत होतो. माझा आजा १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात गेला होता. १९६४ च्या देशभरच्या सत्याग्रहातही गेला. पडीत जमीन कसणाऱ्याला द्या, एवढं मागायला लाखावर माणसं तुरुंगात गेली. आजाला जमीन मिळाली नाही. पण ती मागता येते, हे घरात कळलं. १९८० साली बाने गावच्या शिवेवरचं चार एकर गायरान फोडलं. माय, बा, मोठा भाऊ आणि मी. दिवसा मालकाचं, रात्री आपलं. चांदण्यात दगड वेचल्याचं मला आठवतं.

जमीन फुटली. पेरायची कशी? बैल नाही, तिफण नाही. वखर नाही. घरात एक कुदळ, दोन विळे, एक टोपलं.

इथे सगळ्या धूळपेरणीचं गुपित आहे. नीट ध्यानात घ्या.

पाऊस पडून वाफसा आला की गावातली एकूण एक बैलजोडी तिच्या मालकाच्या वावरात असते. वाफसा चार दिवस टिकतो. त्या चार दिवसांत कुणी बैल उसने देत नाही, भाड्यानेही देत नाही. सख्ख्या भावाला देत नाही, तर बौद्धवाड्यातल्या सालदाराला कोण देणार? बैल मोकळे असतात ते फक्त पावसाआधी. वखरणी झालेली असते, पाऊस आलेला नसतो, बैल गोठ्यात चारा खात उभे. तेव्हा मालक बाला म्हणायचा, "बैल पाहिजे ते आते लई जा. पाऊस पडना का मंग मन्हं वावर पह्यले."

म्हणजे आमची धूळपेरणी हा आमचा निर्णय नव्हता. ती ज्वारीची वेळ नव्हती, बाजरीची नव्हती, मिरगाचीही नव्हती. ती मालकाच्या बैलांच्या रिकाम्या वेळेची होती. मालकाला दोन रस्ते होते. वाटलं तर थोडं धुळीत पेरायचं, बाकीचं वाफशावर. एक फसलं तर दुसरं आहे. आम्हाला एकच रस्ता होता. रोहिणीत बैल मिळाले तर पेरायचं, नाहीतर जमीन तशीच.

उसन्या बैलांची किंमतही ऐका. पैसे नव्हतेच. दोन दिवसांच्या बैल-तिफणीच्या बदल्यात मायने मालकाच्या वावरात आठ दिवस फुकट निंदायचं. निंदणी येते जुलैच्या मध्याला. मालकाच्या पिकात तण वाढतं तेव्हाच आमच्याही पिकात वाढतं. माय आठ दिवस तिकडं. इकडं आमची बाजरी गवतात बुडालेली. शाळा बुडवून आम्ही पोरं उपटायचो, पण पोरांच्या हाताने किती होणार? पेरणीच्या वेळी घेतलेली उधारी निंदणीला फेडायची, आणि निंदणीला बुडालेलं पीक खळ्यावर दिसायचं. मालकाला वीस पोती झाली आणि आम्हाला चार, तर गाव म्हणायचं, यांना शेती कुठे जमते?

पेरणीचं दृश्य अजून डोळ्यापुढे आहे. बा तिफण हाकायचा, माय चाड्यावर. ओंजळीत दाणे घेऊन चाड्यात मुठीने सोडायची. तीन नळ्यांतून तीन रेघांत बी जायचं. मुठीचा अंदाज चुकला की एका ठिकाणी दाट, एका ठिकाणी खाली. मायचा अंदाज चुकत नसे. मालकाच्या वावरात पेरणीची पहिली मूठ घरधनीण सोडायची, हळदकुंकू वाहून. बाकी दिवसभर औत बाचं. आमच्या गायरानात मूठ मायचीच, पहिलीही आणि शेवटचीही. हळदकुंकू नाही. बाबासाहेबांचं नाव घ्यायची आणि बैलांना हाक द्यायला सांगायची.

एकरी लागतं किती? ज्वारी तीन-चार किलो, बाजरी दीड-दोन किलो. ऐकायला थोडं वाटतं. पण आधी हे बी घरातलंच असे. मडक्यात राखेत घालून, वर लिंबाचा पाला टाकून मायने ठेवलेलं. वैशाखात घरातले दाणे संपले तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. लेकरं भाकरीला रडत असताना मडक्यातली ज्वारी धुळीत टाकायची, हे करायला छाती लागते. मग हायब्रीड आलं. सीएसएच-१ ही ज्वारी १९६४ साली निघाली, तिच्यामागून बाजरीचीही हायब्रीडं आली. पीक वाढलं, खोटं कशाला बोलू? पण हायब्रीडचं बी घरचं चालत नाही. दरसाल विकत आणायचं. मडक्याची जागा दुकानाच्या उधारीने घेतली.

दुसरीही एक गोष्ट होती धूळपेरणीत, जी शेतीच्या पुस्तकात नाही. गायरानावर आमचा सातबारा नव्हता. आमचं नाव तलाठ्याच्या दप्तरात अतिक्रमणाच्या नोंदीत, गाव नमुना एक-ई मध्ये. दरसाल दंड भरायचा आणि दंडाची पावती जिवापाड जपायची. कारण तीच आमची सनद. गावातल्या काहींना ही जमीन डोळ्यात खुपत होती. पहिल्या पावसानंतर गवत उगवलं की गुरं मुद्दाम त्या बाजूला हाकली जात. गायरान म्हणजे गाईचं रान, असं वर ऐकवत. म्हणून बाला पावसाआधी जमीन पेरलेली दिसायला हवी होती. तिफणीच्या रेघा म्हणजे आमचा कब्जा. धुळीत ओढलेल्या रेघा, पण पंचांना, पोलिसांना, तलाठ्याला दाखवता येतील अशा. आमच्यासारख्यांना पेरणी हाच रोजचा सत्याग्रह होता.

१९८७ साली देशभर दुष्काळ पडला. त्या वर्षी मी नुकतीच दहावी दिली होती. मिरगात एक सर आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रांगेत हिरवे कोंब दिसले. माय सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन बघायची. मग आभाळ बंद झालं. दहा दिवस, पंधरा दिवस, वीस दिवस. कोंब पिवळे पडले, मग राखी झाले, मग दिसेनासे झाले. मायने एक रांग उकरून बघितली. दाण्याची नुसती फोलं.

पुढे जुलैत थोडा पाऊस झाला. मालकाचीही पेरणी मोडली होती. तो दुबार पेरायला निघाला. त्याचे बैल, त्याची तिफण, त्याचा सालदार. त्याचा सालदार म्हणजे माझा बा. बाने आठ दिवस मालकाचं वावर दुसऱ्यांदा पेरलं आणि त्याचं स्वतःचं रान दोन हाकांवर कोरं पडलेलं. बैल मागितले, मिळाले नाहीत. मग मायने आणि आम्ही भावांनी विळ्याने खड्डे करून ज्वारी टोकली. चार दिवसांत दीड एकर झालं. तोवर वाफसा उडाला. अडीच एकर पडीत राहिलं.

पडीत राहिलं, ते कागदावरही पडीत राहिलं. पाहणीला आलेल्या माणसाने तसंच लिहिलं. खोटं नव्हतं ते.

२८ नोव्हेंबर १९९१ ला राज्य सरकारने निर्णय काढला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या भूमिहीनांनी गायरान कसायला घेतलं असेल तर ते नियमित करायचं. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. आमच्या वस्तीत पेढे वाटले. बाने पावत्यांची पिशवी काढली. आम्ही अर्ज केला. कचेरीत पावत्या मोजल्या गेल्या आणि टेबलापलीकडून प्रश्न आला, १९८७ ला अडीच एकर पडीत कसं? म्हणजे कब्जा अखंड नाही. बाने सांगितलं, पेरलं होतं साहेब, पाऊस आला नाही. साहेब म्हणाले, त्याचा पुरावा?

करपलेल्या कोंबाचा पुरावा कुठून आणायचा? न मिळालेल्या बैलांचा दाखला कोण देणार? बा १९९८ ला गेला. फाइल अजून आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे. त्या काळचे जाणकार म्हणत होते, शेतं लहान आहेत, तुकडे आहेत, ते जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी मुद्दाच उलटा धरला. शेत परवडतं की नाही हे नुसत्या एकरावरून ठरत नाही. त्या शेतावर राबवायला औतं, जनावरं, भांडवल किती आहे, यावर ठरतं. ती नसतील तर मोठं शेतही तोट्याचं. आणि शेतीवर जो जादा माणसांचा भार आहे तो उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय सुटका नाही. मी हा निबंध कॉलेजात वाचला तेव्हा मला वाटलं, हे आमच्या गायरानाबद्दलच लिहिलंय. आम्ही जमिनीसाठी लढलो, ते बरोबरच होतं. पण जमिनीच्या मागे तिफण उभी असते, बैल उभे असतात, विहीर उभी असते. ते सगळं ज्याच्याकडे राहिलं, जमिनीची वेळही त्याच्याच हातात राहिली.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. बैल राहिलेत कुठे? सालदारही आखाजीला सहज मिळत नाही.

खरं आहे. पण बघा काय झालं ते. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. भाड्याने पेरून देतो. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरलाही थांबावं लागतं. वाफसा आला की तो आधी स्वतःच्या मालकाचं पेरतो, मग भाऊबंदांचं, मग मोठ्या गिऱ्हाईकांचं. चार एकरवाल्याचा नंबर शेवटी. गर्दीच्या आधी यायला ट्रॅक्टरवाला तयार असतो. आधी म्हणजे कधी? रोहिणीत. धुळीत. बैलाचं इंजिन झालं, रांग तीच.

तिकडे ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मे महिन्यातच ठिबकवर कापूस लावतो. जूनमध्ये त्याची झाडं हातभर झालेली असतात. बांधाच्या अलीकडे माझ्या भावाचं बी धुळीत पडलेलं. तोही आता ज्वारी-बाजरीबरोबर थोडा कापूस लावतो, रोकड पैसा पाहिजे म्हणून. बीटी कापसाच्या एका पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत २०२५ च्या हंगामात ९०१ रुपये होती. एक पेरणी फसली म्हणजे नुसते दाणे जात नाहीत.

दर वर्षी कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. सल्ला चुकीचा नाही. २०१४ च्या जूनमध्ये देशभर सरासरीहून चाळीस टक्क्यांवर कमी पाऊस झाला. राज्यभर दुबार पेरण्या झाल्या. २०२३ ला मान्सून ११ जूनला तळकोकणात आला आणि तिथेच जवळजवळ दोन आठवडे थांबला. घाई केली तो फसतो, हे आम्हालाही कळतं. पण थांबणं कुणाला परवडतं? ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला. ज्याला बँकेचं पीककर्ज मिळतं त्याला. गायरानवाल्याला सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. त्याच्या नावावर पिकाच्या नुकसानीची भरपाई यायला कागद नाही. त्याला थांब म्हणणं म्हणजे जेवण नसलेल्याला सावकाश जेव म्हणण्यासारखं.

आणि कब्जाची भीती गेलेली नाही. जुलै २०११ मध्ये सरकारने गायरान दुसऱ्या कामाला द्यायला बंदी घातली. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. त्या दिवाळीनंतर भाऊ पावत्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला होता. प्लास्टिकची पिशवी, आत बाच्या हातच्या घड्या. पुढच्या जूनमध्ये त्याने पुन्हा धुळीत पेरलं. मी म्हटलं, थांब ना यंदा. तो म्हणाला, "रान कोरं दिसनं ते कोनी बी येई."

म्हणून कार्यकर्त्या मित्रांनो, जमिनीची मागणी सोडू नका, पण ती सातबाऱ्यावर थांबवूही नका. दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना २००४ पासून आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. मिळवून द्या, झटून मिळवून द्या. पण चार एकर जिरायत मिळालेल्या बाईला पहिल्या जूनमध्ये विचारा, तिफण कुणाची आणणार? अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना आहे. तो ट्रॅक्टर एका पुढाऱ्याच्या अंगणात उभा राहणार की गटाच्या पेरणीच्या यादीप्रमाणे वस्तीभर फिरणार, हे तुमच्यावर आहे. यादी करा. विधवेचं वावर वर घ्या, पुढाऱ्याचं खाली. वस्तीत एक सामाईक बियाण्याची कोठी करा, सुधारित ज्वारी-बाजरीच्या सरळ वाणांची, ज्यांचं बी घरचं चालतं. एकाची पेरणी फसली तर कोठीतून घ्यायचं, खळ्यावर भरायचं. बाबासाहेबांच्या नावाच्या कृषी स्वावलंबन योजनेत विहिरीला पैसे मिळतात, पण सातबारा लागतो. गायरानवाला तिथेही बाहेर. तेव्हा फायली हलवा. आणि पेरणी फसली तर करपलेल्या कोंबांचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, पंचनामा मागा. माझ्या बाकडे हे नव्हतं. तुमच्या खिशात फोन आहे.

३१ जुलैला तुम्ही लळिंगला जालच. १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर राहिले होते. दरसाल तिथे माणसांचा महापूर असतो. जाताना गाडीच्या खिडकीतून वावरं बघत जा. जिथे ज्वारी कमरेला लागली, तिथे धूळपेरणी साधली किंवा वेळेवर वाफसा मिळाला. जिथे ती वीतभर आहे, तिथे दुबार पेरलंय. आणि जिथे नुसतं गवत आहे, तिथे गाडी थांबवा. उतरा. ते वावर कुणाचं आहे, आणि त्याला तिफण का मिळाली नाही, ते विचारून लिहून घ्या.